उंच टाचेचे लिफ्टिंग शूज आणि नवशिक्याचा स्क्वॉट : काही महिन्यांच्या वापरानंतर

बारबेल स्क्वॉट (वजनाचा बार पाठीवर घेऊन खाली बसणे आणि पुन्हा उठणे) शिकायला लागल्यानंतर थोड्याच आठवड्यांत मी वेटलिफ्टिंगचे शूज घेतले, आणि आता बरेच महिने ते नियमित वापरून झाल्यावर हा अनुभव लिहीत आहे. नवशिक्याने असे शूज घ्यावेत का, या प्रश्नाला जिममध्ये दोन ठरलेली उत्तरे मिळतात. "आधी फॉर्म (म्हणजे हालचालीची पद्धत) सुधारा, शूजचे नंतर बघू" हे एक, आणि "शूज घातले की फॉर्म आपोआप सुधारतो" हे दुसरे. माझ्या मते दोन्ही अर्धवट आहेत, कारण या शूजमुळे स्क्वॉटमधली एक विशिष्ट अडचण बऱ्यापैकी सुटते आणि बाकीच्या अडचणी होत्या तिथेच राहतात.

ती अडचण घोट्याची आहे. बार पाठीवर असला तरी बार आणि शरीर यांचा एकत्रित भार पावलाच्या मध्यावर राहावा लागतो, नाहीतर तोल जातो. खाली बसताना खुबा मागे जातो, आणि त्याची भरपाई म्हणून गुडघे पुढे यावे लागतात. ते किती पुढे येतील हे घोटा किती वाकतो यावर ठरते. घोटा मध्येच अडला की टाच उचलली जाते, किंवा धड नको तितके पुढे झुकते, किंवा माणूस अर्ध्यावरूनच वर येतो. मांडीचे हाड लांब असणाऱ्यांना हे अधिक जाणवते. लिफ्टिंग शूजची टाच पुढच्या भागापेक्षा साधारण 15 ते 20 मिलिमीटर उंच असते आणि त्यामुळे घोट्याला सुमारे पाच ते सहा अंशांची सवलत मिळते. हा आकडा ऐकायला किरकोळ वाटतो, पण स्क्वॉटच्या अगदी तळाशी, जिथे सगळे सांधे आपल्या मर्यादेपाशी आलेले असतात, तिथे तेवढ्याने चित्र बदलते.

आपली अडचण खरोखर घोट्याची आहे का, हे खरेदीआधी तपासता येते. भिंतीसमोर एक पाय पुढे ठेवून, अंगठा भिंतीपासून साधारण 10 सेंटीमीटर दूर असताना, टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकतो का ते पाहावे. माझा उजवा गुडघा जेमतेम टेकत होता आणि डावा टेकतच नव्हता. दुसरी चाचणी अधिक बोलकी आहे: दोन्ही टाचांखाली 1.25 किलोच्या पातळ प्लेट ठेवून, बार न घेता सावकाश स्क्वॉट करून पाहावा. तेवढ्याने धड लगेच सरळ राहू लागले आणि खोली वाढली, म्हणजे अधिक खाली बसता आले, तर शूजचा उपयोग होईल असे समजायला हरकत नाही. काहीच फरक पडला नाही, तर कारण दुसरीकडे शोधावे. प्लेटवर उभे राहून वजन उचलण्याची सवय मात्र लावून घेऊ नये, कारण त्या सरकतात.

प्रत्यक्ष वापरात पहिला फरक खोलीत दिसला. पॉवरलिफ्टिंगच्या स्पर्धेत खुब्यापाशी मांडीचा वरचा पृष्ठभाग गुडघ्याच्या माथ्यापेक्षा खाली गेला तरच स्क्वॉट ग्राह्य धरला जातो. मला स्पर्धेत उतरायचे नाही, पण हे माप सोपे असल्याने मी तेच धरले आहे. मोबाइल खुब्याच्या उंचीवर, बरोबर बाजूने ठेवून मी प्रत्येक आठवड्यातला सर्वांत जड सेट चित्रित करते. सपाट तळाच्या शूजमध्ये बारचे टोक खाली येताना चवड्याकडे सरकायचे आणि वर जाताना तिरकी रेघ काढत मागे यायचे. उंच टाचेच्या शूजमध्ये ते बुटाच्या लेसच्या गाठीवरून जवळजवळ सरळ खाली येते आणि सरळ वर जाते. माझा बार मानेखाली ट्रॅप्सवर (मान आणि खांद्यांमधल्या स्नायूंवर), म्हणजे हाय-बार पद्धतीने असतो, हेही येथे सांगायला हवे. लो-बार पद्धतीत बार पाठीवर थोडा खाली असतो आणि धड मुळातच अधिक झुकलेले असते, त्यामुळे उंच टाचेचा फायदा तिथे बहुधा कमी जाणवतो.

टाचेइतकेच, किंबहुना थोडे अधिक, मोल मी टणक तळाला देईन. धावण्याच्या शूजचा फोम धक्का शोषण्यासाठी असतो, आणि बारखाली तोच गुण दोष ठरतो: भार वाढला की फोम एका बाजूला दबतो आणि पाऊल आत कलते. लिफ्टिंग शूज दबत नाहीत. अंगठ्याचे मूळ, करंगळीचे मूळ आणि टाच हे तीन बिंदू जमिनीला टेकलेले आहेत की नाही हे त्यांत स्पष्ट कळते, आणि वरचा पट्टा घट्ट ओढला की पाऊल आत सरकत नाही. रॅकमधून (बार ठेवण्याच्या चौकटीतून) बार उचलून दोन-तीन पावले मागे येताना हा स्थिरपणा सर्वांत जास्त जाणवतो.

आता जे सुधारले नाही त्याविषयी. वर येताना माझा डावा गुडघा आत वळत असे. तो शूजमुळे बाहेर गेला नाही. त्यासाठी वजन कमी करून, तळाशी क्षणभर थांबून, गुडघा पायाच्या बोटांच्या दिशेने ढकलण्याचा सराव करावा लागला. जड रेपमध्ये (एक रेप म्हणजे एकदा खाली बसून वर येणे) खुबा आधी वर जाऊन छाती खाली राहण्याची सवयही तशीच होती, आणि ती श्वासामुळे सुटली: खाली जाण्याआधी पोटात, सगळ्या बाजूंनी कंबर फुगेल असा श्वास भरून तो रेपचा अवघड भाग संपेपर्यंत धरून ठेवणे. (उच्च रक्तदाब असणाऱ्यांनी ही पद्धत डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये.) शूजमुळे खोली अचानक वाढते, हेही ध्यानात ठेवावे, त्या नव्या खोलीत ताकद अजून आलेली नसते, म्हणून सेफ्टी पिन (बार सुटल्यास अडवणारे रॅकचे आडवे दांडे) पुन्हा योग्य उंचीवर लावून वजन काही काळ उतरवणे शहाणपणाचे. शिवाय गुडघे अधिक पुढे येत असल्याने मांडीच्या पुढच्या स्नायूंवर भार वाढतो. गुडघे बोटांच्या पुढे जाणे हे स्वतःहून चूक नाही, पण ज्यांचा गुडघा आधीच दुखतो त्यांनी बदल सावकाश करावा.

गैरसोयीही आहेत. डेडलिफ्टसाठी (जमिनीवरून बार उचलण्याच्या व्यायामासाठी) हे शूज मला अजिबात पटले नाहीत: बार उचलण्याचे अंतर टाचेइतके वाढते आणि तोल पुढे जातो, म्हणून तेव्हा ते काढून मी सपाट तळाचे शूज घालते. लिफ्टिंग शूजमध्ये चालणे अवघडल्यासारखे होते, आणि फिटिंग किंचित सैल असले तरी चालत नाही. टिकाऊपणाबाबत तक्रार नाही; तळ जसाच्या तसा आहे, फक्त पट्ट्याचे वेल्क्रो धाग्यांनी भरल्यामुळे पकड सैल झाली होती, ती जुन्या टूथब्रशने घासल्यावर पूर्ववत झाली.

पोटऱ्या आणि घोटे मोकळे करण्याचे व्यायाम मी बंद केलेले नाहीत. रिकाम्या बारचे पहिले सेट अजूनही सपाट तळाच्या शूजमध्येच करते, आणि भिंतीच्या चाचणीत आता डावा गुडघाही टेकू लागला आहे. ज्यांचे घोटे मुळात मोकळे आहेत आणि जे लो-बार करतात त्यांना टणक, सपाट तळाचे साधे शूज पुरतील.