लालबागची मसाला गल्ली : यादी हातात असेल तरच जा

लालबागच्या मसाला गल्लीत दोन वेगळे धंदे चालतात आणि दोघांना एकच शेरा देता येत नाही. एक तयार मसाल्याचा: मालवणी, आगरी-कोळी, घाटी, गोडा, जे मागाल ते पाकिटात. दुसरा अख्खी मिरची आणि खडे मसाले वजनावर विकून ते तिथेच भाजून, कांडून देण्याचा. पहिल्यासाठी करी रोडला उतरायचं काही कारण नाही, तसला माल आता बोरिवली-डोंबिवलीतही मिळतो. दुसऱ्यासाठी मात्र मुंबईत अजून तरी ही गल्लीच पहिली आठवते, कारण मिरचीच्या पोत्यापासून चाळणीपर्यंतचं सगळं काम चार पावलांच्या अंतरात आणि तुमच्या डोळ्यांसमोर होतं.

मध्य रेल्वेने करी रोड किंवा चिंचपोकळी, पश्चिमेने लोअर परळ, आणि पुढे चालत. गाडी नेऊ नये. फेब्रुवारी ते एप्रिल हा खरा हंगाम: कर्नाटक-आंध्रातली नवी मिरची बाजारात आलेली असते आणि घरी वाळवायला ऊनही असतं. मे महिन्यात कांडपाच्या रांगा वाढतात, भाजणारे घाई करतात. पावसाळ्यात तर जाऊच नये. दमट हवेत मिरची नरम पडते, नीट कुटली जात नाही आणि बरणीत गेल्यावर बुरशी धरते. भावांचे आकडे इथे देत नाही, ते दर हंगामात बदलतात. मात्र घेण्याआधी तीन दुकानांत विचारावं, आणि मिरचीचा भाव देठासकट की देठ काढून, हे आधी स्पष्ट करून घ्यावं.

मिरचीची निवड हा गल्लीचा सगळ्यात भक्कम भाग. रंगासाठी ब्याडगी, जी हावेरी जिल्ह्यातल्या ब्याडगी गावच्या नावाने ओळखली जाते आणि जिला 2011 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिच्यात डब्बी आणि कड्डी असे दोन प्रकार. डब्बी आखूड, फुगीर, रंगाला जास्त गडद. कड्डी लांब, बारीक, सुरकुतलेली. वर्षाच्या मसाल्याला डब्बी मिळाली तर उत्तम, पण कड्डीही चालते. संकेश्वरी मधल्या तिखटाची आणि रश्श्याला चव देणारी. लवंगी, तेजा, पांडी या तिखटासाठी. काश्मिरी नावाने जे विकलं जातं त्यात पोत्यापोत्याला फरक असतो. ब्याडगी घेतली असेल तर काश्मिरीवर वेगळे पैसे घालण्यात मला अर्थ दिसत नाही.

मिरची हातात घेऊन वाकवावी. नवी आणि नीट वाळलेली असेल तर कडकन मोडते, आतलं बी फिकट पिवळं दिसतं. बी तपकिरी असेल तर माल जुना. मोडल्यावर आत करडी किंवा काळपट बुरशी दिसली तर ते पोतं सोडून द्यावं, कितीही स्वस्त असलं तरी, कारण बुरशीतलं विष भाजून जात नाही. पांढरे डाग पडलेली मिरची रंग देत नाही. फारच चकचकीत दिसणारी मिरची तेल लावलेली असू शकते. रंगाचा संशय असेल तर लिक्विड पॅराफिनमध्ये (हे एक बिनरंगाचं खनिज तेल) भिजवलेला कापूस मिरचीवर घासून पाहावा, कापूस लाल झाला तर रंग वरून चढवलेला आहे. आणि बी काढलं की तिखट कमी होतं हा समज सोडून द्यावा. तिखटपणा मुख्यतः बी ज्याला चिकटलेलं असतं त्या आतल्या पांढऱ्या गाभ्यात असतो, रंग सालीत.

आता यादी. दुकानात गेल्यावर ‘मालवणीचं सामान द्या’ म्हटलं की दुकानदार स्वतःच्या प्रमाणाने बांधून देतो. ते वाईट नसतं, पण त्यात धणे सढळ असतात, कारण धणे स्वस्त. म्हणून आपलं प्रमाण लिहून न्यावं. देठ काढून वाळवलेल्या एक किलो मिरचीला हे प्रमाण चांगलं बसतं: ब्याडगी अर्धा किलो, संकेश्वरी 300 ग्रॅम, तेजा किंवा पांडी 200 ग्रॅम. धणे पाव किलो. बडीशेप, जिरं, काळी मिरी, खसखस आणि हळकुंड प्रत्येकी 50 ग्रॅम. लवंग, दालचिनी आणि मोहरी 25-25 ग्रॅम. मसाला वेलची, चक्रीफूल, दगडफूल 20-20 ग्रॅम. शहाजिरं 15. जायपत्री, नागकेशर, तिरफळ, मेथी, तमालपत्र आणि खडा हिंग 10-10 ग्रॅम. एक जायफळ. हा सगळा मिळून साधारण एक किलो सातशे ग्रॅम भरतो, कांडताना थोडी तूट येते. घरात कमी तिखट खाणारे असतील तर तेजा काढून ब्याडगी 700 ग्रॅम करावी, बाकी तसंच. देठ आणि वाळवणीत वजन घटतं, म्हणून एक किलोसाठी सव्वा किलो मिरची घ्यावी.

खड्या मसाल्यात फसवणुकीला जागा आहे ती महागड्या जिनसांत. जायपत्रीच्या जागी रामपत्री येते: दिसायला लांबट आणि काळपट, वासाला जवळजवळ काहीच नाही. चिमूटभर चुरगळून हुंगली की कळतं. लवंगेला डोकं असावं आणि नखाने दाबल्यावर ओलसर तेल जाणवावं, तेल काढून घेतलेली लवंग कोरडी आणि हलकी लागते. मिरीच्या दाण्यात पपईचं बी मिसळलेलं असेल तर ते लांबट आणि हिरवट-तपकिरी दिसतं, पाण्यात टाकलं की तरंगतं. दालचिनीच्या बाबतीत मात्र उगाच सिलोनीच्या पातळ पदरांमागे धावू नये. मटण-माशाच्या मसाल्याला जाड सालीची, तिखट-गोड दालचिनीच जास्त शोभते, आणि ती स्वस्तही पडते. दगडफुलात झाडाची साल आणि माती असते, निवडल्याशिवाय वापरू नये. तिरफळातलं काळं बी काढून टाकायचं, फक्त वरचं टरफल घ्यायचं. बी राहिलं तर मसाला दाताखाली कचकचतो.

भाजणी ही गल्लीची कमकुवत बाजू आहे. मोठ्या कढईत एकामागून एक जिन्नस पडतात आणि गर्दीच्या दिवसांत दोन-तीन जिन्नस एकदम पडतात. धणे तडतडेपर्यंत शहाजिरं जळून जातं. त्यामुळे एक तर समोर उभं राहून प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायला लावावा किंवा सामान घरी न्यावं, मिरची दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवावी, मसाले मंद आचेवर भाजावेत आणि फक्त कांडपाला परत यावं. दुसरा मार्ग जास्त त्रासाचा आहे, पण मसाल्याची चव त्यातच राहते.

घरी भाजायचं असेल तर धणे, जिरं, बडीशेप कोरडी, रंग किंचित बदलेपर्यंत. लवंग, मिरी, दालचिनी, वेलची, चक्रीफूल अर्धा चमचा तेलावर, लवंग फुगेपर्यंत. मेथी तांबूस झाली की लगेच बाहेर, काळी झाली की अख्खा मसाला कडू. दगडफूल, तमालपत्र, जायपत्री, शहाजिरं गरम कढईत केवळ फिरवून घ्यायची. हळकुंड तेलात तळून फुगवायचं आणि खलबत्त्यात फोडून ठेवायचं, नाहीतर कांडपात ते शेवटपर्यंत खड्यासारखं उड्या मारत राहतं. हिंगही तेलात फुलवायचा. जायफळ भाजायचं नाही, फक्त ठेचायचं. खसखस शेवटी, काही सेकंद. मिरची चांगली वाळली असेल तर भाजायची गरजच नसते. भाजायचीच झाली तर कुरकुरीत होण्यापुरती. डाग पडले की रस्सा लालऐवजी विटकरी होतो.

कांडपाला मात्र पूर्ण गुण. लोखंडी मुसळं उखळात वरखाली आपटतात, माल ठेचला जातो, मग चाळला जातो आणि चाळणीवर राहिलेला जाडा भाग पुन्हा उखळात जातो. पिठाच्या चक्कीसारख्या यंत्रात मसाला घर्षणाने एवढा तापतो की हात लावला तर चटका बसतो, आणि त्या उष्णतेत लवंग-वेलचीची उडणारी तेलं निघून जातात. कांडपातही मसाला कोमट होतो, पण तेवढा नाही. घरचा मिक्सर वापरणाऱ्यांनी हेच लक्षात ठेवावं: एका वेळी थोडा माल, दहा-दहा सेकंदांचे फेरे, मध्ये भांडं गार होऊ द्यायचं.

कांडपवाल्याशी बोलताना तीन गोष्टी आधीच सांगाव्यात. उखळ आणि चाळणी झाडून घ्या, नाहीतर आधीच्या गिऱ्हाइकाचा मसाला आपल्यात येतो. आधी मिरची एकटी कांडा, मग हळकुंडासह खडे मसाले, शेवटी दोन्ही एकत्र करून पुन्हा एक फेरा. आणि चाळणी बारीक लावा, पण शेवटचा जाडा फेकू नका. तो वेगळा बांधून घ्यावा, वाटणात घालून कोंबडीच्या रश्श्याला वापरता येतो. नाकातोंडावर रुमाल किंवा मास्क हवाच, आणि लहान मुलांना सोबत नेऊ नये. डब्याचं वजन आधी करून घ्यावं. दिलेला माल आणि परत मिळालेला मसाला यांत थोडी तूट स्वाभाविक आहे, किलोमागे शंभर ग्रॅमच्या वर गेली तर विचारावं.

तयार मसाल्याबद्दल थोडक्यात. 2011 च्या अन्नसुरक्षा नियमांनुसार मसाल्यांची पूड सुटी विकायला मनाई आहे, ती पॅकबंदच हवी. तेव्हा परातीतल्या शंकूच्या आकाराच्या लाल ढिगाचं कौतुक करावं आणि पुढे जावं. पाकीट घेतलंच तर घटकांची यादी वाचावी, ती वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. मीठ पहिल्या तीन-चारांत असेल तर तुम्ही मसाल्याच्या भावात मीठ घेताय. पाण्याच्या ग्लासात पूड टाकून रंगाची परीक्षा करतात ती अर्धवटच आहे. पाण्यात विरघळणारा रंग त्यात लगेच धारेने उतरतो, पण भेसळीत वापरले जाणारे ‘सुदान’ नावाचे रासायनिक रंग तेलात विरघळतात, ते पाण्यात पकडले जात नाहीत.

गोडा मसाला इथे वर्षाचा करून घेऊ नये असं मला वाटतं. त्यात सुकं खोबरं आणि तीळ असतात, दोन-तीन महिन्यांत खवट वास येतो. तो घरीच, पाव किलोच्या बेताने. वरच्या मालवणी प्रमाणातली खसखसही काही जण याच कारणाने गाळतात आणि वाटणात ताजी घालतात. मसाला वर्षभर ठेवायचा असेल तर तेच शहाणपणाचं.

घरी आणल्यावर पहिली चूक होते ती बरणी लगेच भरण्याची. प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेला कोमट मसाला लोकलच्या गर्दीत घामेजतो. कागदावर पसरून रात्रभर गार होऊ द्यावा, मगच काचेच्या किंवा चिनी मातीच्या कोरड्या बरणीत दाबून भरावा, तळाशी, मधे आणि वर हिंगाचे खडे ठेवावेत. उजेडात रंग उडतो, म्हणून बरणी कपाटात. महिन्याचा मसाला छोट्या बाटलीत काढून घ्यावा आणि मोठी बरणी पुन्हा पुन्हा उघडू नये.

नव्या मसाल्याची परीक्षा मटणावर करू नये, मटणाच्या चरबीत सगळं खपून जातं. काळ्या वाटाण्याची उसळ करावी. पाव किलो वाटाणे दहा-बारा तास भिजवून, मीठ घालून कुकरमध्ये बोटाने दाबले जातील इतके शिजवावेत. दोन कांदे आणि अर्धी वाटी सुकं खोबरं खरपूस भाजून चार लसूण पाकळ्यांसह वाटावं. दोन पळ्या तेलात एक चिरलेला कांदा गुलाबी झाला की आच मंद करावी, दोन चहाचे चमचे मसाला घालावा आणि लगेच दोन चमचे पाणी शिंपडावं, म्हणजे मसाला जळत नाही. तेल सुटलं की वाटण, मग वाटाणे शिजवलेल्या पाण्यासकट, दोन आमसुलं, आणि दहा मिनिटं मंद उकळी. वर लाल तवंग आला आणि घशात नुसतं तिखट न लागता मागून लवंग-तिरफळाचा वास आला, तर मसाला जमला. तवंग फिका असेल तर ब्याडगी कमी पडली. शेवटी कडवट चव रेंगाळत असेल तर मेथी किंवा दगडफूल जळालं आहे, आणि त्यावर इलाज नाही. तो मसाला थोडा-थोडा, गुळाचा खडा घालून कडधान्यांच्या आमटीत संपवावा.