स्फिंक्स की एमकेडॉक्स? आधी बघा, डॉक्स दुरुस्त करणार कोण

पायथन लायब्ररीची डॉक्स, म्हणजे वापराची माहितीपानं, नव्याने मांडायची म्हटलं की ती पानं तयार करणाऱ्या साधनांची दोन नावं समोर येतात. स्फिंक्स 2008 चं, गेऑर्ग ब्रांडल यांनी पायथनच्याच डॉक्ससाठी लिहिलेलं. आज जँगो हे वेब फ्रेमवर्क आणि लिनक्स कर्नलही तेच वापरतात. एमकेडॉक्स 2014 चं. मार्कडाउनच्या (साध्या खुणांनी मजकूर सजवायची पद्धत) फायली आणि सेटिंगची एक यामल फाइल, बस. फास्टएपीआय या वेब फ्रेमवर्कची डॉक्स त्यावर आहेत.

फरक पहिल्याच पुल रिक्वेस्टला, म्हणजे बाहेरच्या कुणी दुरुस्ती पाठवली की, कळतो. स्फिंक्सच्या रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट या लिहायच्या पद्धतीत लिंक बॅकटिकमध्ये (` या खुणेत) लिहून शेवटी अंडरस्कोर द्यावा लागतो. नवखा तो हमखास विसरतो आणि लिंकच्या जागी नुसता तिरपा मजकूर उमटतो. एक स्पेलिंग सुधारायला आलेला माणूस अशानं परत फिरकत नाही. मार्कडाउन त्याला आधीच येत असतं. मिस्ट पार्सर हे एक्स्टेन्शन बसवलं तर स्फिंक्सही मार्कडाउन वाचतं, पण तिथले खास डायरेक्टिव्ह (पानात लिहायच्या सूचना) शिकावेच लागतात.

माझा कौल मात्र उदाहरणांवरून ठरतो. डॉक्समधून कॉपी केलेला कोड चालला नाही, की बाकीच्या पानांवरचाही विश्वास उडतो. स्फिंक्सचं डॉकटेस्ट एक्स्टेन्शन पानावरची उदाहरणं खरोखर चालवून आउटपुट ताडून बघतं. एमकेडॉक्समध्ये ही सोय अंगभूत नाही. मार्कडाउन फाइल थेट पायथनच्या स्वतःच्या डॉकटेस्ट मॉड्यूलला दिली, तर कोड संपवणारे तीन बॅकटिकही ते आउटपुटचाच भाग धरतं आणि टेस्ट फेल! त्या बॅकटिकच्या वर एक रिकामी ओळ सोडली की भागतं, पण हे कळेपर्यंत संध्याकाळ जाते.

डॉकस्ट्रिंगमधून (कोडमध्येच लिहिलेल्या वर्णनातून) रेफरन्सची पानं काढायला स्फिंक्सकडे ऑटोडॉक, एमकेडॉक्सकडे एमकेडॉकस्ट्रिंग्स. तिथे फारसं अडत नाही. मराठी किंवा कुठल्याही भाषांतराचा विचार असेल, तर स्फिंक्स सरस: मूळ वाक्य आणि भाषांतर शेजारी ठेवणाऱ्या पीओ फायली निघतात, मूळ वाक्य बदललं की त्या अपडेट करताना त्याचं भाषांतर 'फझी' (पुन्हा तपासायचं) म्हणून वेगळं दिसतं.

लहान प्रकल्प, पंधरा-वीस पानं, बाहेरून येणारे हात जास्त: एमकेडॉक्स घ्या. फक्त एक लक्षात असू द्या, त्याची लोकप्रिय मटेरियल थीम नोव्हेंबर 2025 पासून फक्त देखभालीवर आहे. तिचे कर्ते आता झेन्सिकल बनवताहेत. एपीआय (लायब्ररीतली वापरायची फंक्शन्स वगैरे) मोठा, आवृत्त्या अनेक, तर स्फिंक्स. काहीही घेतलंत तरी सीआयमध्ये, म्हणजे प्रत्येक बदलानंतर आपोआप होणाऱ्या तपासणीत, वॉर्निंग आली की बिल्ड फेल करा. दोन्हींत त्यासाठी कमांडला आपापला एकेकच फ्लॅग लागतो.