अळ्या बघायला घेतलेली मॅक्रो लेन्स : काच भारी, क्लिप बेकार

मोबाईलला लावायची क्लिपवाली मॅक्रो लेन्स घेतली ती खास अळ्यांच्या डोळ्यांसाठी, म्हणजे अंगावरच्या डोळ्यांसारख्या ठिपक्यांसाठी, खोट्या डोळ्यांसाठी. काचेबद्दल तक्रार नाही. कण्हेरीवर ओलिएंडर हॉकमॉथ या पतंगाची मोठी हिरवी अळी असते ना, तिच्या डोक्यामागे तिसऱ्या वळ्यावर दोन निळे डोळे, आत पांढरट, भोवती काळी कड, इतके क्लिअर आले की ती आपल्याकडेच बघतेय असं वाटतं, आणि खरे डोळे कुठं तर पुढे त्या चिमुकल्या डोक्यावर, दोन्ही बाजूंना सहा-सहा बारीक टिंबं! तीपण दिसली. सोबतच्या माहितीपत्रकात मात्र निळ्या ठिपक्यांनाच 'अळीचे डोळे' छापलंय. पक्षी फसतात ते ठीक आहे, लेन्स विकणाऱ्यांनी तरी फसू नये हो.

आता वैताग. फोकस मिळतो दोन-तीन सेंटीमीटरवर, आणि इतकं जवळ गेलं की अळी डोकं आत ओढते, पुढचा भाग टम्म फुगवते, ठिपके ताणून मोठे होतात आणि सापाचं तोंड तयार! खरी गंमत हीच, पण फ्रेममध्ये मावतो एकच ठिपका. सापाचा भास अख्ख्या पोझमुळे होतो, नुसत्या ठिपक्याने नाही. 1862 च्या लेखात हेन्री बेट्स या इंग्रज निसर्गअभ्यासकाने लिहिलंय की अॅमेझॉनच्या जंगलात एक अळी झाडातून बाहेर आली तेव्हा साप समजून तो दचकला, आणि हा माणूस वर्षानुवर्षं किडेच गोळा करत होता. पक्ष्याला तर नीट बघत बसायची सोयच नाही, खरंच साप निघाला तर जीव जायचा, म्हणून तो आधी मागे सरतो. तर हे सगळं टिपायचं असेल तर लेन्स काढा, लांबून साधा झूम मारा.

छोट्या अळ्यांसाठी मात्र पैसा वसूल. स्वॅलोटेल फुलपाखरांच्या बऱ्याच जातींत लहान अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, तो काळपट-पांढरा रंग आणि ओलसर चकाकी लेन्समधून बघाच. एवढ्याशा अंगावर खोटे डोळे असून फायदा नाही, साप तर वाटणार नाहीच, उलट पक्ष्याच्या लगेच नजरेत भरेल, खोट्या अळ्या ठेवून केलेल्या प्रयोगांतही लहान अळ्यांना ठिपके महागातच पडले.

चार स्टार. एक कापला क्लिपसाठी, मोबाईलला कव्हर असेल तर सारखी घसरते.