मिनेसोटात उमेदवार कोण ठरवणार: कॉकस की प्रायमरी?

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात डेमोक्रॅटिक पक्षाला डीएफएल (डेमोक्रॅटिक-फार्मर-लेबर) म्हणतात. 1944 साली फार्मर-लेबर पक्ष त्यात विलीन झाला, तेव्हापासून. गव्हर्नरपदाच्या उमेदवारीला तिथे दोन वाटा आहेत. कॉकसमध्ये, म्हणजे पक्षाच्या स्थानिक सभेत, शेजारीपाजारी संध्याकाळी जमतात, ठराव मांडतात, प्रतिनिधी निवडतात. पुढे राज्य अधिवेशनात पक्षाची पसंती ठरते. पण रात्रपाळीचा कामगार किंवा तान्ह्या बाळाची आई तिथे पोचणार कशी? ऑगस्टमधल्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार निवडणाऱ्या निवडणुकीत, मतदान गुप्त, दिवसभर चालणारं. 2018 मध्ये अधिवेशनाने एरिन मर्फींना पसंती दिली, प्रायमरी जिंकली टिम वॉल्झ यांनी. 2010 मध्ये मार्क डेटन यांनीही पक्षाच्या पसंतीच्या उमेदवाराला असंच हरवलं होतं. प्रायमरीत पैसा जड पडतो, हे खरं. तरी उमेदवार तिथेच ठरावा, असं मला ठामपणे वाटतं. ठराव आणि चर्चेसाठी कॉकस मात्र टिकायलाच हवेत.