प्रबंधाला जुने पेपर घेऊ की व्हॉट्सॲप?

मीडिया आणि सत्ता असा विषय घेतलाय, आता जुनी वर्तमानपत्रं धरू की व्हॉट्सॲप ग्रुप, असं ज्युनियर पोरं दरवर्षी विचारतात. मी दोन्हीकडे हात पोळून घेतलेत म्हणून सांगते.

जुने अंक कोणी डिलीट करत नाही, हे पहिलं सुख. बाबासाहेब आंबेडकरांचं मूकनायक ३१ जानेवारी १९२० ला निघालं, त्याचे अंक राज्य सरकारने पुस्तकरूपात छापलेत, म्हणजे धूळही खायला नको. आणि सत्ता दिसते कुठे सांगू का, जे छापलंच नाही त्यात. मूकनायकची जाहिरात पैसे देतो म्हटलं तरी केसरीने घेतली नाही, हे आंबेडकरांनी पुढे 'बहिष्कृत भारत' या आपल्या दुसऱ्या पत्रात लिहिलंय. नुसते केसरीचे अग्रलेख घेऊन शब्द मोजत बसलात तर हे हाताला लागणारच नाही, दोन पेपर शेजारी शेजारी ठेवावे लागतात. अडचण एवढीच की वाचणारा सापडत नाही. एकाने मोठ्याने वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं असाही तो काळ, त्या ऐकणाऱ्यांना काय वाटलं ते कुठल्या कागदावर मिळणार?

व्हॉट्सॲपवर वाचणारे सगळे समोर, पण मूळ लिहिणारा गायब. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला व्हॉट्सॲपवर फिरलेल्या अफवांमुळे मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठार मारलं, नाथपंथी डवरी गोसावी समाजातली भटकी माणसं होती ती. त्याच महिन्यात कंपनीने भारतासाठी एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करण्याची मर्यादा जाहीर केली. म्हणजे कोणाचं बोलणं किती लांब जाईल ते एका बटणावर ठरतंय, मला तर हा मुद्दा सगळ्यात भारी वाटतो. पण मेसेज मुळात सुटला कुठून ते एन्क्रिप्शनमुळे, म्हणजे मेसेज पाठवणारा आणि घेणारा सोडून कोणालाच वाचता येत नाही म्हणून, आपल्याला कळत नाही, आणि परवानगीचं तर विचारूच नका. नातेवाइकांच्या ग्रुपवर मी 'अभ्यासाला तुमचे मेसेज वापरू का' असं टाकलं, आत्या लगेच 'वापर की गं' म्हणाली आणि पुढचे पंधरा दिवस ग्रुपवर नुसती गुड मॉर्निंगची फुलं. एरवी निवडणुकीवरून भांडणारी माणसं ही!

वर्षभरच हातात असेल तर डोळे झाकून जुने अंक घ्या. व्हॉट्सॲप पीएचडीला ठेवा, आणि ग्रुप असा धरा की जिथे तुम्ही आधीपासून आहात, अभ्यासासाठी घुसलेले नाही. स्क्रीनशॉटवरचे नंबर मात्र आधी झाका, माझ्या पहिल्याच प्रेझेंटेशनला काकांचा मोबाईल नंबर भिंतीवर चार फूट लांब झळकला होता.