नॉरफोकला पक्षी बघायला कधी जावं: मे, ऑक्टोबर की जानेवारी?

भिगवण किंवा नांदूर मधमेश्वरला दुर्बीण घेऊन फिरलेला माणूस ब्रिटनमध्ये नोकरीला आला, की वर्षभरात कोणी ना कोणी त्याला नॉरफोकचं नाव सांगतंच. इंग्लंडच्या पूर्वेला समुद्रात पुढे आलेली ही काउंटी. लंडनहून रेल्वेने साधारण दोन तासांत पश्चिमेकडून किंग्ज लिनला किंवा पूर्वेकडून नॉर्विचला पोचता येतं. मधल्या उत्तर किनाऱ्यावर स्नेटिशम, टिचवेल, होल्कम, वेल्स (देश नव्हे, त्याच नावाचं गाव), ब्लेकनी, क्लाय अशी एकापेक्षा एक ठिकाणं ए १४९ या एकाच रस्त्याच्या कडेला आहेत. ‘कुठे जायचं’ यावर फार डोकं चालवावं लागत नाही. रजा कधी टाकायची, हा खरा प्रश्न आहे.

ब्रिटिश मित्राला विचारलंत तर तो मे सांगेल. हाडाचा दुर्मिळ-पक्षीवाला ऑक्टोबर सांगेल. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत, पण दोघंही आपल्यासारख्या मराठी पक्षीवाल्याच्या डोळ्यांनी बघत नाहीत. आपण थंडीतल्या ओल्या चिखलावरच्या पक्ष्यांवर वाढलेलो आहोत. त्यांच्याकडे जो पक्षी दहा वर्षांत एकदा दिसतो, तो आपल्याकडे बागेतल्या कडुलिंबावर असू शकतो; आणि ज्याच्याकडे ते मान वर करूनही बघत नाहीत, तो आपण जन्मात पाहिलेला नसतो.

मे: सगळ्यांना सोबत घेऊन जायचं असेल तर

आधी मे महिन्याची बाजू, कारण ती सोपी आहे. पहाटे पाचला उजाडतं, रात्री नऊच्या आसपास मावळतं. पोरं, सासू-सासरे, पक्ष्यांत रस नसलेला नवरा किंवा बायको, सगळ्यांचं निभतं. टिचवेलला सरळ, सपाट वाटेने चालत समुद्रापर्यंत जाता येतं. उजव्या-डाव्या हाताला तळी, मध्येच लपणं (आडून पक्षी बघायच्या खोल्या) आणि त्यांत बसायला बाकं.

इथे पहिल्याच तळ्यावर वर वळलेल्या चोचीचा उचाट्या (ॲव्होसेट) दिसेल. तुम्ही म्हणाल, उचाट्या उजनीच्या पाणलोटावर पाहिलाय. पाहिलाय, पण पाहुणा म्हणून. इथे तो यजमान असतो. मे संपत आला की बोटभर पायांची, राखाडी कापसासारखी पिल्लं उथळ पाण्यात स्वतःची स्वतः चोच फिरवत हिंडतात आणि आई-बाप तळ्यावर येणाऱ्या प्रत्येकाच्या अंगावर धावून जातात. कुरव तर सोडाच, काही कामानिमित्त शेजारून जाणाऱ्या निरुपद्रवी बदकालाही सोडत नाहीत. हिवाळ्यात शांतपणे चोच डुलवणारा हा पक्षी इतका भांडकुदळ असतो, हे भिगवणला कळायला मार्ग नाही. ब्रिटनमध्ये एकोणिसाव्या शतकात उचाट्यांची वीण बंद पडली होती. दुसऱ्या महायुद्धात किनाऱ्यावरच्या जमिनी पाण्याखाली सोडल्या गेल्या, आणि १९४७ मध्ये शेजारच्या सफोकमध्ये त्यांनी पुन्हा घरटी केली. आज नॉरफोकच्या किनाऱ्यावर तो नेहमीचा झाला आहे.

आकाशात मार्श हॅरिअर हे शिकारी पक्षी फिरत असतात. नर वरून भक्ष्य सोडतो, मादी खालून उलटी होऊन ते हवेतच झेलते. हा प्रकार आपल्याकडे दिसत नाही, कारण आपल्याकडे हा पक्षी घरटं करायला येत नाही. होल्कमला चमचा (स्पूनबिल) पक्ष्यांची वसाहत आहे. २०१० साली तिथे त्यांनी घरटी केली, आणि शेकडो वर्षांनी ब्रिटनमध्ये चमच्यांची वसाहत पुन्हा नांदू लागली. मॉर्स्टनच्या धक्क्यावरून होडीने ब्लेकनी पॉइंटकडे गेलं की सुरयांचा गोंगाट आणि वाळूवर लोळणारे सील एकाच फेरीत होतात. मुलं खूश.

मग मे मध्ये कमी काय? एक तर गर्दी. मे मध्ये दोन सोमवारी बँक हॉलिडे, शिवाय शेवटच्या आठवड्यात शाळांना सुट्टी. खोल्यांचे भाव चढलेले आणि होल्कमचा वाहनतळ भरलेला. दुसरं म्हणजे, या दिवसांतला बराच माल ऐकायचा आहे, बघायचा नाही. बिटर्नचा घुमणारा आवाज क्लायच्या बोरूतून येतो, पक्षी मात्र बोरूतच राहतो. आणि तिसरं, जे मला सगळ्यात मोठं वाटतं: मे मधल्या यादीतली निम्मी नावं आपल्या वहीत आधीच असतात. वेगळ्या पिसाऱ्यात, वेगळ्या वागणुकीत, हे खरं. पण नावं तीच.

जेवणाचंही सांगून टाकतो. क्रोमरचे खेकडे या दिवसांत मिळतात आणि नावाजलेले आहेत. ते थंड, सोललेले, लिंबू आणि मेयोनेझबरोबर वाढतात. मालवणी माणसाने मन घट्ट करून जावं.

ऑक्टोबर: वाऱ्यावरची वरात

सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबरचा शेवट हा स्थलांतराचा काळ, आणि इथे सगळा कारभार वाऱ्याच्या हातात. स्कँडिनेव्हियावर उच्च दाबाचा पट्टा बसला, वारा पूर्वेकडून वाहू लागला आणि त्यात पावसाची भर पडली, तर उत्तर समुद्र ओलांडणारे दमलेले पक्षी पहिली जमीन दिसताच उतरतात. ती पहिली जमीन म्हणजे ब्लेकनी पॉइंटची झुडपं आणि वेल्स-होल्कमच्या पाइनच्या रांगा. पाच-सहा ग्रॅमचा गोल्डक्रेस्ट समुद्र पार करून तुमच्या गुडघ्याच्या उंचीवरच्या गवतात किडे टिपत असतो, माणसाकडे लक्ष द्यायचंही त्राण नसतं. रेडविंग आणि फील्डफेअरचे थवे डोक्यावरून आत शिरत राहतात. वारा उत्तरेचा असेल तर क्लाय किंवा शेरिंगमला समुद्राकडे तोंड करून बसायचं: गॅनेट, स्कुआ हे समुद्रपक्षी, नशीब असेल तर लिटल ऑक.

आणि वारा पश्चिमेचा असेल तर? तर झाडं बघून घरी यायचं. आठवड्याभराआधी बुकिंग करणाऱ्याला ऑक्टोबर परवडत नाही. तो नॉर्विच-केंब्रिजला राहणाऱ्याचा, हवामानाचा नकाशा पाहून पहाटे गाडी काढणाऱ्याचा महिना आहे.

त्यातही एक गंमत आहे. इथल्या लोकांची ऑक्टोबरमधली लाडकी चीज म्हणजे पिवळ्या भुवईचा वटवट्या, उरल पर्वताच्या पलीकडून भरकटत आलेला. त्या चार इंची हिरव्या पिसांच्या पुंजक्यासाठी वीस-वीस माणसं स्कोप लावून एका झाडाखाली उभी राहतात. ज्याने हिवाळ्यात पुण्याच्या टेकड्यांवर त्याच्या सख्ख्या चुलत भावंडांशी झटापट करून मान आखडून घेतली आहे, त्याला तिथे उभं राहावंसं वाटेल का, हे त्याने स्वतःलाच विचारावं. मला नाही वाटत.

हिवाळा: जे आपल्याकडे नाहीच

गुलाबी पायांचा हंस, पिंक-फुटेड गूज. आइसलंड आणि ग्रीनलंडला वीण करतो, सप्टेंबरच्या मध्यापासून नॉरफोकला यायला लागतो आणि पुढे हजारोंच्या संख्येने राहतो. भारतात याची गाठ पडत नाही. तो इथेच का येतो, याचं उत्तर शेतात आहे. नॉरफोक हा साखर-बीटचा मुलूख. आपल्याकडे उसाचा गळीत हंगाम चालतो तसा इथे शरद ऋतूपासून हिवाळाभर बीटचा हंगाम चालतो. ट्रॉल्या कारखान्याकडे जातात आणि बीटचे कापलेले शेंडे मागे शेतात पडून राहतात. हंसांना तेच हवं असतं. रात्री ते समुद्राकाठच्या चिखलावर झोपतात, फटफटताना उठून आतल्या शेतांकडे जातात. एक रांग, मागून दुसरी, मग आकाशभर रांगाच रांगा, आणि त्यांच्या कलकलाटात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही.

दुसरा पक्षी नॉट. मुठीएवढा, राखाडी, एकटा पाहिला तर दुसऱ्यांदा बघणार नाही असा. आपल्या किनाऱ्यावर तो फार क्वचित येतो. इथे वॉशच्या उथळ आखातात ग्रीनलंड आणि कॅनडाच्या उत्तर टोकाकडून आलेले दहा-दहा हजारांचे थवे असतात. भरती चढते तसा चिखल आक्रसत जातो आणि थवा दाटत जातो. शेवटची पट्टी बुडाली की सगळा थवा एकदम उठतो, वळताना पोटाकडून पांढरा आणि पाठीकडून काळपट होतो, आणि डोक्यावरून जाऊन स्नेटिशमच्या मागच्या खडीच्या तळ्यांत उतरतो. तिथल्या बेटांवर मग पाय ठेवायला जागा उरत नाही. पंखांचा आवाज आधी येतो, थवा नंतर.

हे बघायला कुठलीही भरती चालत नाही. अष्टमीच्या आसपासच्या भांगाच्या भरतीला पाणी चिखल पूर्ण बुडवत नाही. पक्षी लांबच बसून राहतात. उधाणाची भरतीच हवी. आरएसपीबी ही पक्षी-संरक्षण संस्था स्नेटिशमसाठी दरवर्षी योग्य भरत्यांच्या तारखा आणि वेळा जाहीर करते, त्या बघूनच जावं. वाहनतळापासून लपणापर्यंत दोनेक किलोमीटर चाल आहे, तीही अंधारात, म्हणून भरतीच्या निदान दीड तास आधी निघावं.

आता इथे एक मेख आहे. उधाण अमावास्येलाही येतं आणि पौर्णिमेलाही. पण चांदण्या रात्री हंस शेतातच चरत राहतात. मग पहाटे येण्या-जाण्याचं त्यांचं वेळापत्रक कोलमडतं. म्हणून नॉट आणि हंस दोन्ही एकाच पहाटे हवे असतील तर पौर्णिमा सोडून अमावास्येनंतरचे दोन-तीन दिवस धरायचे. वॉशमध्ये उधाणाची भरती साधारण सकाळी सात-आठच्या सुमारास भरते. डिसेंबर-जानेवारीत सूर्य आठला उगवतो, त्यामुळे अर्धा खेळ अंधुक उजेडात जातो. शिवाय सर्वांत मोठी उधाणं सप्टेंबर-ऑक्टोबर आणि मार्चच्या आसपास येतात, ऐन हिवाळ्यातली जरा उतरती असतात. नोव्हेंबरच्या सुरुवातीला मात्र सूर्य सातला येतो, हंस पोचलेले असतात, बीटची तोडणी जोरात असते आणि भरतीही बऱ्यापैकी मोठी असते. भिंतीवर कालनिर्णय असेल तर बघा: लक्ष्मीपूजनाची अमावास्या ऑक्टोबरच्या उत्तरार्धात किंवा नोव्हेंबरच्या पूर्वार्धात पडते. पाडवा-भाऊबीजेला लागून येणारा शनिवार-रविवार, आणि त्यात नोव्हेंबरमधला असेल तर फारच उत्तम, हा माझ्या मते नॉरफोकच्या पक्षी-वर्षातला सगळ्यात भरवशाचा मुहूर्त आहे. इथे दिवाळीची सुट्टी नसते, तेव्हा रजाच टाकावी लागेल.

जानेवारीलाही स्वतःचं असं काही आहे. वेल्सच्या खाजणात सैबेरियातून आलेले ब्रेंट हंस इतके जवळ चरतात की दुर्बीण खाली ठेवावी. होल्कमच्या वाळूवर स्नो बंटिंग आणि, असलेच तर, शोअर लार्क. आणि गव्हाणी घुबड! आपण ज्याला रात्री देवळाच्या कळसावर किंवा जुन्या वाड्यात शोधतो, ते इथे दुपारी तीनला बांधावरून सावकाश उडत उंदीर शोधताना दिसतं. ब्लेकनी आणि पूर्व किनाऱ्यावरच्या हॉर्सीला नोव्हेंबर ते जानेवारी ग्रे सीलची पांढरी पिल्लं असतात. हॉर्सीला ती वाळूच्या टेकड्यांवरून होडीशिवाय बघता येतात, म्हणजे मुलांसाठी हिवाळाही अगदीच कोरडा नाही.

पण थंडीचा अंदाज नीट घ्या. उत्तरेकडून वारा आला की त्याला अडवायला आर्क्टिकपर्यंत काही नाही. दिवस आठ तासांहूनही लहान, पावणेचारला सूर्य गेलेला. टोपी-हातमोजे दोन जोड, पायात रबरी बूट, आणि हाताशी चहाचा थर्मास व मेथीचे पराठे, कारण सकाळी नऊच्या आत किनाऱ्यावर उघडं दुकान मिळेलच असं नाही. खोल्या मात्र स्वस्त आणि लपणात जागा भरपूर.

कोणाला काय

पहिल्यांदा जाताय, घरचे सोबत आहेत आणि गाडी नाही: मे चा दुसरा-तिसरा आठवडा, शाळांची सुट्टी लागण्याआधी. रेल्वेने किंग्ज लिनला उतरून किनाऱ्याच्या बसने टिचवेल, नाहीतर नॉर्विचहून गाडी बदलून शेरिंगमला जाऊन तिथून बसने क्लाय. दोन्ही एकाच दिवशी कोंबू नका. नकाशावर दिसतं त्यापेक्षा बस वेळ खाते.

एकटे किंवा दोघं, पहाटे उठायची तयारी आणि भाड्याची गाडी: दिवाळीनंतरचं स्नेटिशम. तिथे पहाटे पोचणारं सार्वजनिक वाहन नाही, म्हणून आदल्या रात्री हंस्टन्टन किंवा किंग्ज लिनला मुक्काम करावा. सकाळी नॉट आणि हंस उरकले की दुपार टिचवेलला.

पहाट अजिबात जमत नसेल तर ऑगस्टचा विचार करा. नॉट तेव्हा परतायला लागलेले असतात, काहींच्या पोटावर विणीचा विटकरी रंग अजून असतो आणि संध्याकाळची उधाणाची भरती उजेडात सापडू शकते. हंस नसतील, डास असतील.

आणि एकच ठिकाण करायचं असेल, ऋतू कुठलाही असो, तर क्लाय. १९२६ साली डॉ. सिडनी लाँग यांच्या पुढाकाराने ही दलदल पक्ष्यांसाठी विकत घेतली गेली आणि तिच्यासाठी स्थापन झालेला ट्रस्ट ब्रिटनमधला पहिला काउंटी वन्यजीव ट्रस्ट ठरला. रस्त्यापलीकडच्या टेकाडावरच्या उपाहारगृहाच्या काचेतून अख्खी दलदल आणि मागचा समुद्र दिसतो. आत जायचं तिकीट तिथेच मिळतं. पाऊस लागला तर आधी सूप घ्यावं आणि काचेतूनच सुरुवात करावी.