दुपारी बारा ते चार: कुमारवयीन वाचकांसाठी उन्हाळ्यातली पुस्तकं

मे महिन्यात सोलापुरात दुपारी बारा ते चार मुलांना घराबाहेर सोडता येत नाही. शाळा जूनच्या मध्याला उघडतात, म्हणजे हाती साधारण सहा आठवडे. रोज पंचवीस पानं धरली तरी हजार पानं होतात. मध्यम आकाराच्या चार-पाच कादंबऱ्या त्यात आरामात बसतात. दहावीवाल्यांची परीक्षा मार्चमध्येच संपते, त्यांच्यासाठी याच्या दुप्पट.

अडचण निवडीची आहे. मराठी पुस्तकांच्या दुकानात एक कप्पा बालसाहित्याचा असतो आणि दुसरा थेट मोठ्यांच्या कादंबऱ्यांचा. बारा ते सतरा वयाचा वाचक दोन्हींच्या मधे पडतो. पहिल्या कप्प्यात त्याला लाज वाटते, दुसऱ्यात ‘मृत्युंजय’ची जाडी बघून धडकी भरते. या वयासाठीची सर्वांत चांगली मराठी पुस्तकं बहुतेक मोठ्यांच्या कप्प्यात आहेत, ती तिथून शोधून काढावी लागतात.

पहिली शिफारस प्रकाश नारायण संतांची, आणि सोलापूरकरांना तर डोळे झाकून. ‘वनवास’, ‘शारदा संगीत’, ‘पंखा’, ‘झुंबर’ ही चार पुस्तकं याच क्रमाने वाचावीत. लंपन हा मुलगा आईवडिलांपासून दूर, बेळगावकडच्या गावात आजी-आजोबांपाशी राहतो आणि सगळं स्वतःच सांगतो. त्याच्या मराठीत कन्नड मिसळलेलं आहे. पुण्या-मुंबईची मुलं तिथे अडखळतात. पण ज्यांच्या गल्लीत मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू चारही भाषा रोज कानावर पडतात, अक्कलकोटकडचे पाहुणे ज्यांच्या घरी येतात, त्यांना हा हेल ओळखीचाच वाटतो. शब्दार्थ सांगायला कुणी लागत नाही. कथा एकमेकींशी जोडलेल्या असल्या तरी सुट्याही वाचता येतात, एका बैठकीत एक. मात्र ही रहस्यकथा नाही. पुढे काय होणार यावर वाचणाऱ्या मुलाला पहिली वीस पानं संथ वाटतील. त्याला लंपन आणि त्याची मैत्रीण सुमी यांच्या गोष्टी आधी वाचायला द्या, मग तो आपणहून मागे जातो. वय बारापासून पुढे कितीही.

व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ १९५५ची, पण आकाराने लहान आणि वाक्यं इतकी छोटी, की मराठी वाचनाची सवय मोडलेल्या मुलालाही झेपते. जेमतेम मिसरूड फुटलेला राजाराम मास्तर म्हणून धनगरांच्या वाडीवर जातो. तिथे शाळेत यायला पोरंच नाहीत, कारण पोरं मेंढरांमागे. पुढे कारभारी, आनंदा रामोशी, तालमीचं बांधकाम आणि शेवटी दुष्काळ. हा माणदेश आपल्या सांगोल्याला लागूनच आहे. माळ, टाक, तरवड, पाण्यासाठी रिकामी होणारी वाडी यांतलं काही समजावून सांगावं लागत नाही. शेवट सुखाचा नाही, हे आधी सांगितलेलं बरं. तेरा वर्षांपुढे.

नववी-दहावीच्या मुलामुलींसाठी मिलिंद बोकिलांची ‘शाळा’. काळ आणीबाणीचा, नायक नववीतला मुकुंद जोशी, आणि सगळा जीव शिरोडकर नावाच्या मुलीत अडकलेला. सिनेमा पाहिला म्हणून पुस्तक सोडू नये. सिनेमात न मावलेलं बरंच काही, विशेषतः मुकुंदच्या डोक्यात चाललेलं, पुस्तकातच आहे. पालकांसाठी एक सूचना: या पोरांच्या तोंडी शिव्या आहेत, मुलींविषयी बोलणंही आहे. त्यासाठी पुस्तक लपवण्यात अर्थ नाही, वर्गात रोज ऐकू येतं त्याहून वेगळं त्यात काही नाही. पण सातवीतल्या मुलाच्या हाती ते घाईने देऊ नये. शिव्या त्याला कळतील, दुःख कळणार नाही.

दहावी देऊन मोकळ्या झालेल्यांना, त्यातही इंजिनिअरिंगकडे निघालेल्यांना, प्रभाकर पेंढारकरांची ‘रारंग ढांग’. हिमालयात कडा फोडून लष्करासाठी रस्ता बांधणं, सुरुंग, दरडी, आणि नियम मोठा की माणसाचा जीव हा तरुण इंजिनिअर विश्वनाथचा झगडा. बाहेर डांबर वितळत असताना बर्फातलं पुस्तक, हा फायदा वेगळाच.

सोळा-सतराच्या वाचकाला तुळजापूरच्या देविदास सौदागर यांची ‘उसवण’ जरूर द्यावी. लहानशी कादंबरी आहे, २०२४ सालचा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार तिला मिळाला. तयार कपड्यांच्या जमान्यात शिंप्याचं मशीन कसं थंड पडत जातं, एवढाच विषय. गणवेश शिवणाऱ्या आणि यंत्रमाग चालवणाऱ्या या शहरात तो परका नाही.

आता ज्यांना ‘थरार’च हवा त्यांच्यासाठी. सत्यजित राय यांचा गुप्तहेर फेलूदा अशोक जैन यांनी मराठीत आणलाय, रोहन प्रकाशनाचा बारा पुस्तकांचा संच आहे. सगळा एकदम घेऊ नका. ‘बादशाही अंगठी’पासून सुरुवात करा. थरारकथा लिहिणारा गमतीदार जटायू नंतरच्या कथांत येतो, त्याची ओळख मधूनच झाली तर मजा जाते. हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला जाताना चार तासांत एक रहस्य सहज उलगडतं. दहा ते तेराच्या वयाला भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे अजून चालतो. मात्र सिनेमातला तरुण डोक्यात ठेवून पुस्तक उघडणारा नाराज होईल, कारण पुस्तकातला बन्या शाळकरी पोर आहे. जयंत नारळीकरांच्या ‘यक्षांची देणगी’मधल्या विज्ञानकथा विज्ञानाची आवड असलेल्यांना लगेच धरतात.

इंग्रजी माध्यमातल्या मुलांचा प्रश्न वेगळा. बोललेलं सगळं समजतं, पण जोडाक्षरांपाशी डोळा थांबतो आणि पानाला पाच मिनिटं लागतात. गोष्ट चांगली असूनही ती मग कंटाळवाणी वाटते. अशांना आधी कथा ठाऊक असलेलं पुस्तक द्या: बाळ ऊर्ध्वरेषे यांनी अनुवादलेलं ‘हॅरी पॉटर आणि परीस’, किंवा ‘लिटिल विमेन’चा शांता शेळक्यांनी केलेला अनुवाद ‘चौघीजणी’. पुढे काय होणार हे माहीत असलं की डोळा पुढचा शब्द आपसूक ओळखतो आणि वेग वाढतो. आठवडाभर रोज दहाच पानं, तीही सुरुवातीला कुणीतरी मोठ्याने वाचून दाखवलेली. वेग आला की लंपन.

काय घेऊ नये? संक्षिप्त आवृत्त्या. मुखपृष्ठावर नाव मोठ्या कादंबरीचं आणि आत ऐंशी पानांत उरकलेला सारांश, असं बरंच मिळतं. त्यात घटना उरतात, माणसं गळतात. ‘श्यामची आई’ घेतानाही आत बेचाळीस रात्री आहेत ना, हे अनुक्रमणिकेत मोजून बघा. आणि बोधकथांचे जाडजूड संच बारा वर्षांपुढच्या मुलाला भेट देऊ नयेत, ते कपाटात कोरेच राहतात.

पदपथावरची स्वस्त प्रत घेताना पानांचे क्रमांक चाळावेत. पुस्तक सोळा पानांच्या फॉर्ममध्ये छापून बांधतात, त्यामुळे चूक झाली की एकदम सोळा पानं गायब किंवा दुबार असतात, आणि नेमकी उत्कंठेच्या जागी. नुसत्या डिंकावर चिकटवलेली बांधणी आपल्या उन्हाला टिकत नाही. गाडीच्या डॅशबोर्डवर पुस्तक राहिलं की कणा सैल होतो आणि पानं सुटतात. शिवलेली बांधणी मिळाली तर थोडे जास्त पैसे द्यावेत. ती ओळखायची खूण सोपी: एखाद्या फॉर्मच्या मधोमध पुस्तक उघडा, घडीत दोरा दिसतो.

विकत घेण्याआधी हिराचंद नेमचंद वाचनालयासारख्या ठिकाणी सुट्टीपुरतं सभासद होणं उत्तम. नावडलेलं पुस्तक दुसऱ्या दिवशी बदलता येतं. आणि तेही जमत नसेल तर बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे १९७१पासूनचे अंक इंटरनेटवर फुकट वाचता येतात. मोबाइलच्या पडद्यावर अक्षर बारीक दिसतं, टॅबलेट असेल तर बरं.